काउंटरवरचे पाहुणे

"या आठवड्यात आपल्या गावाला सदतीस जण येऊन गेले," असं हिलालने रविवारी जेवताना सांगितलं, तेव्हा भागाबाईंचा भाकरी उलटणारा हात तव्यावरच थांबला.

"सदतीस? आनि तू एकले तरी पानी ईचारं का?"

"माय, त्या खरंखुरं नही येतस. जठे शेतस तठेच बसीसन कॉम्प्युटरवर गाव देखतस."

"नाव काय त्यासनं?" हिलालच्या वडिलांनी, लोटन नानांनी, ताटातून मान न उचलता विचारलं.

"नाव नही समजस, नाना. नुसता आकडा येस."

"नाव सांगस नही तो पाव्हना कसा? तो चोर," नाना म्हणाले आणि त्यांनी ठेच्याकडे लक्ष वळवलं.

हिलाल जळगावला एका छोट्या कंपनीत व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवायचा. डिसेंबर एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये हा धंदा इतका नवा होता, की वेबसाइट म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला समजावण्यातच निम्मा दिवस जायचा. एका केळीच्या व्यापाऱ्याने तर घड लुकलुकलाच पाहिजे अशी अट घातली होती. पोटासाठी हिलाल घड लुकलुकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचे उद्योग करायचा. त्याने दोन माणसांचं नातं शोधून देणारा प्रोग्रॅम लिहिला होता. खान्देशात कोण कोणाचा कोण लागतो हे सांगणं सोपं काम नव्हे. प्रोग्रॅमने पहिल्याच फटक्याला हिलाल हा हिलालचाच मामा आहे असा निकाल दिला, तेव्हा तो उद्योग बंद पडला.

त्यानंतर त्याने गावाचं पान केलं. फुकट मिळणाऱ्या जागेवर मारुतीचं देऊळ, बोरी नदी, शाळा आणि माय भाकरी थापतानाचा एक फोटो अशी मांडामांड होती. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड उमटत नसत, म्हणून प्रत्येक ओळ त्याने चित्र करून चिकटवली होती. तळाशी अभिप्रायाची वही होती आणि नुकताच सापडलेला फुकटचा काउंटर होता. पान कोणी उघडलं की आकडा एकाने वाढायचा. हिलालचा जीव त्या आकड्यात अडकला होता.

भागाबाईंना मात्र सदतीस माणसं कोरड्या तोंडाने परत गेली हे सहन होईना. "बलाई ले त्यासले एक दिवस," त्या म्हणाल्या. "भरीतना दिवस शेतस."

नानांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि सांगितलं, "लिखी टाक. आखरी रईवारले, आपला वावरमा. आनि देख, चूलबंद लिख. अर्धं आवतन मी परत कोनले देवाव नही."

अर्ध्या आवतणाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

आवतण दोन प्रकारचं असतं. 'घरटी एक' म्हटलं की घरातून एकाने जेवायला यायचं, आणि 'चूलबंद' म्हटलं की त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. अकरा वर्षांपूर्वी नानांच्या मुलीच्या, पुष्पाच्या लग्नात गल्लोगल्ली आवतण द्यायचं काम गावातल्या झिपरूकडे होतं. उन्हात फिरून फिरून झिपरूचं डोकं भणभणलं आणि नानांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या दारात, अभिमनकडे, तो सवयीने 'घरटी एक' म्हणून पुढे गेला. भिंतीला भिंत लागून असलेलं घर, आणि घरटी एक. अभिमन शहाण्यासारखा नियमाने एकटा आला, एक पुरी खाल्ली, हात धुतले आणि निघून गेला. महिन्याभरात बायकामुलांसकट त्याने सुरत गाठली.

चूक झिपरूची, हे पुढे कळलं. पण नाना म्हणायचे, "त्यानी माले ईचारी लेवानं व्हतं." आणि सुरतेहून येणारी माणसं सांगायची की अभिमन म्हणतो, "त्यानी एकदाव येवानं व्हतं." अशी अकरा वर्षं गेली. नानांना भाऊ हवा होता. रोज हवा होता. फक्त ते म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

हिलालने त्या रात्रीच्या गाडीने जळगावला परतताना ठरवून टाकलं. काकाचा मुलगा कौतिक सुरतेला कापडाच्या पेढीत होता आणि त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे असं कानावर आलं होतं. आज ना उद्या कौतिक हे पान उघडेल, आवतण वाचेल, बापाला सांगेल. सगळ्या जगाला बोलवायचं ते एका घरासाठी. दुसऱ्या दिवशी त्याने भरताचं चूलबंद आवतण देवळाच्या फोटोखाली चिकटवलं.

आकडा चढू लागला. सदतीसचे नव्वद झाले, नव्वदचे दीडशे. नाना गावातल्या किराणा दुकानदाराच्या, बन्सीलालच्या फोनवरून जळगावला फोन लावायचे.

"कितला व्हयनात?"

"एकशे ब्याऐंशी, नाना."

"वहीमा कोनी लिखं का?"

"नही, आजून नही."

"बरं," असं म्हणून नाना फोन ठेवायचे. बन्सीलाल मात्र शेजारी कान देऊन उभा असायचा, आणि बन्सीलालच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचायची.

आकडा दोनशे साठवर गेला तेव्हा पारावर गणित मांडलं गेलं. दोनशे साठ माणसांना चूलबंद आवतण म्हणजे दोनशे साठ घरं. घरात सरासरी पाच माणसं. तेराशे. कोणीतरी म्हणालं की परदेशात लोक कमी पोरं करतात, म्हणून चार धरा. पण चार धरून पाव्हणा उपाशी राहिला तर गावाचं नाक कापलं जाईल, यावर एकमत झालं आणि पाचच धरले.

मग कोणाला थांबवता येईना. ज्याच्या वावरात हिरवी वांगी होती त्याने बाजार बंद केला. बायांनी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ दळून ठेवलं. वांगी भाजायला कापसाच्या जुन्या पऱ्हाटीच्या काड्या गाडीने येऊन पडल्या. पाहुण्यांना टेकायला जागा पाहिजे म्हणून शाळेच्या वर्गांना चुना लागला आणि कांद्याची पात आणायला तीन जण शेजारच्या गावी गेले. एका सूनबाईने परदेशी माणसांना तिखट चालत नाही अशी शंका काढली, तेव्हा भागाबाईंनी एक टोपलं मिरच्या बाजूला काढून ठेवायचं कबूल केलं. "पन चव जाई," असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या.

इकडे हिलालला आनंदाने झोप लागेना. शुक्रवारी दुपारी ऑफिसात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो काउंटरवाल्यांच्या जागेवर सहज फिरत होता. तिथे तपशिलाचं एक पान असल्याचा शोध त्याला लागला. कोणत्या तारखेला, किती वाजता पान उघडलं, सगळं ओळीने लिहिलेलं होतं. वाचता वाचता त्याने आपले दिवस आठवून बघितले. सोमवारी सहा ते सातमध्ये चोवीस. तेव्हा तो देवळाचा फोटो डावीकडे सरकवत होता. मंगळवारी एकोणीस. तेव्हा उजवीकडे. काउंटर माणसं मोजत नव्हता, उघडणं मोजत होता, आणि उघडणारा बहुतेक वेळा स्वतः हिलालच होता.

त्याने कागद घेऊन स्वतःला वजा केलं. दोनशे साठमधून एक्क्याऐंशी उरले. जरा धीर आला. पण ते एक्क्याऐंशीसुद्धा नेमके अमळनेरच्या बाजाराच्या दिवशी, अकरा ते बारामध्ये पडलेले होते. एकदा तर लागोपाठ सतरा. त्या बाजूला इंटरनेट असलेला एकच कॉम्प्युटर हिलालला माहीत होता, झेरॉक्स आणि फोनचं दुकान चालवणाऱ्या तोतारामचा. त्याने तोतारामला फोन लावला.

"अरे, तुझे नाना येतात ना," तोताराम म्हणाला. "दर बाजाराला. त्यांनी सांगितलं नाही का तुला?"

"काय करतात येऊन?"

"बसतात. देऊळ बघत नाहीत, काही नाही. मला म्हणतात, खालची वही उघड. वही कोरी असते. मग म्हणतात, परत उघड, आत्ता लिहीत असेल कोणी सुरतेहून. मी परत उघडतो. पलीकडे झेरॉक्सला रांग लागते, पण त्यांना नाही म्हणवत नाही बाबा."

हिलालने फोन ठेवला आणि त्या एक्क्याऐंशीच्या आकड्याकडे बघितलं. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि कशाला आधी वाट द्यावी ते समजत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो गावी पोचला तेव्हा वावरात वांग्यांचा ढीग त्याच्या कमरेपर्यंत आला होता. गावात एकाच गोष्टीची तक्रार चालू होती. झिपरू गुरुवारपासून गायब होता. काड्या वाहायच्या वेळेला नेमका झिपरू नाही, म्हणून जो तो त्याच्या नावाने बोटं मोडत होता. हिलालने नानांना बांधावर गाठलं.

"नाना, एक सांगानं शे. कोनी येनार नही. त्या आकडामा बठ्ठा मीच व्हतू." त्याने वजाबाकीचा कागद पुढे केला. "आनि तुम्ही."

नाना वांगी निवडत होते. त्यांनी एक किडकं वांगं लांब फेकलं.

"माले मालूम शे," ते म्हणाले. "तोतारामनी माले दुसराच बाजारले सांगं. म्हने, नाना, तुम्ही उघाडतस तशा आकडा वाढस."

"मंग गावले काबर सांगं नही? तेरासे मानसंना सयपाक व्हई ऱ्हायना."

"व्हऊ दे," नाना म्हणाले. मग दुसरीकडे बघत ते बोलले, "एखादा ऊनाच, तर त्याले आते कमी पडाले नको. मागला टाईमले एकच पुरी खाईसन गया तो."

हिलालही खाली बसला आणि वांगी निवडू लागला.

रविवारी सकाळी काड्यांचे जाळ पेटले. वांगी भाजली गेली, सोलली गेली, लाकडी भांड्यांतून ठेचली गेली, लसूण-मिरचीच्या वासाने सगळं शिवार शिंकायला लागलं. कळण्याच्या पुऱ्यांच्या पाट्या भरल्या. अकरा वाजले, बारा वाजले. रस्त्यावरून एक बैलगाडी आणि पाहुण्यांच्या नादाने आलेलं एक कुत्रं, एवढंच आलं.

पारावरच्या गणितज्ञांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली. शेवटी बन्सीलाल हिलालजवळ आला. "भो, परदेशनी गाडी लेट व्हयनी का काय?"

हिलाल खरं सांगायला तोंड उघडणार, तोच भागाबाई उठल्या. "पाव्हना येतीन तवय येतीन," त्या म्हणाल्या. "आते गावमा एक तरी चूल पेटेल शे का?"

नव्हती. सकाळपासून सगळं गाव इथे राबत होतं, स्वयंपाक कोणी केलाच नव्हता. न सांगता गावालाच चूलबंद आवतण पडलं होतं. गाव ओळीने बसलं. पुष्पाच्या लग्नानंतर सगळं गाव एका पंगतीला बसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नाना वाढत होते, पण चार पानं वाढली की रस्त्याकडे बघत होते. एकदा बघताना त्यांनी आबा पवारांच्या पानात चार वेळा भरीत वाढलं. आबांनी हरकत घेतली नाही.

दुसरी पंगत बसता बसता अमळनेरकडून एक काळी-पिवळी जीप धूळ उडवत आली आणि बांधाशी थांबली. पुढच्या सीटवरून आधी झिपरू उतरला. तीन दिवसांच्या प्रवासाने त्याचा सदरा चुरगळला होता. जीपच्या मागच्या बाजूने मग माणसं उतरत राहिली. बायका, पोरं, डबे, पिशव्या. सर्वांत शेवटी केस पांढरे झालेला अभिमन उतरला आणि तिथेच उभा राहिला.

झिपरू पंगतीच्या मधून चालत नानांपुढे आला. अकरा वर्षं त्याने नानांच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

"सुरतले जाईसन आवतन दी ऊनू," तो म्हणाला. "त्याना दारमा उभा ऱ्हाईसन सांगं. नानानं आवतन, चूलबंद. दोनदाव सांगं."

"तुले कोनी धाडं?" नानांनी भरताची बादली सावरत विचारलं.

"कोनी नही. बठ्ठा जगले चूलबंद शे आसं पारवर आयकं. मंग म्हनं, ज्याले मी अर्धं दिनं, त्याले पुरं देवानं काम मन्हंच शे."

नाना हातातली बादली तशीच घेऊन बांधापर्यंत गेले. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले. गावाने जेवण थांबवलं.

"कितला जन उनात?" नानांनी विचारलं.

"चूलबंद म्हनं ना झिपरूनी," अभिमन म्हणाला. "नऊ शेतस. घरले कुलूप लाई ऊनू, भाऊ."

"नऊले व्हई इतलं शे," नाना म्हणाले. अभिमनने त्यांच्या हातातली बादली काढून घेतली आणि तो पंगतीला वाढायलाच लागला, जसं काही मधल्या अकरा वर्षांत तो फक्त पाणी आणायला गेला होता.

हिलालने कौतिकला बाजूला घेतलं. "तू पान देखं का मन्हं? कॉम्प्युटरवर?"

"शेठ त्यानावर पत्ताना डाव खेयस," कौतिक म्हणाला. "आमले हात लावू देत नही."

दुपार कलली. शाळेच्या चुना लावलेल्या वर्गात नऊ जणांची अंथरुणं पडायची होती, पण ती शेवटी नानांच्याच घरात पडली आणि जागा पुरली नाही, म्हणून हिलाल शाळेत गेला. उरलेलं भरीत पुढे तीन दिवस सगळ्या गावाने खाल्लं आणि त्यानंतर महिनाभर वांग्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी सकाळी हिलाल जळगावला निघाला, तेव्हा नाना त्याला सोडायला फाट्यापर्यंत आले. बस दिसायला लागल्यावर त्यांनी खिशातून वहीचं एक पान काढलं. त्यावर त्यांच्या अक्षरात नऊ नावं होती, सर्वांत लहान नातीचंसुद्धा. खाली दहावं नाव झिपरूचं होतं.

"तो दोनसे साठ काढी टाक," नाना म्हणाले. "खोटा शे तो आकडा. हाई लिख. आनि नावं बी लिख, म्हंजे कोनी चोर नही म्हनाव."