चालीवरून चोर

माणूस तोंड लपवेल, आवाज बदलेल, बोटांचे ठसे पुसून टाकेल, पण चाल? चाल कुठे लपवणार हो! पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवं तंत्रज्ञान शिकवायला लागल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकवलंय, की बायको आता माझ्यासमोर चालायचंच टाळते.

तर, आमच्याकडे चालीवरून माणूस ओळखणारं यंत्र आलं. परेडचं चित्रण दाखवून मी अख्ख्या तुकडीची चाल त्याच्या डोक्यात भरली. आणि मोठे साहेब पाहणीला येणार, नेमकं त्याच सकाळी केंद्रातला माग काढणारा कुत्रा गायब झाला!

"पोलिसांचा कुत्रा? चोरीला?" प्राचार्य मॅडमचा चहा बशीत सांडला. "त्याला सांभाळणारा हवालदार रजेवर, आणि साहेब त्याचंच प्रात्यक्षिक बघायला येतायत!"

"निर्धास्त राहा मॅडम! यंत्र आहे, मी आहे. फक्त फाटक बंद करायला सांगतो. कुत्रा सापडेपर्यंत आत-बाहेर कोणी नाही!"

कुत्र्याच्या खोलीबाहेरच्या कॅमेऱ्याने धक्का लागून मान टाकलेली. चित्रणात दिसत होते कुत्र्याचे चार पाय आणि त्याला नेणाऱ्याचे दोन. मला तेवढे पुरे होते! ते यंत्राला दाखवले. यंत्र घुरघुरलं. पडद्यावर एका प्रशिक्षणार्थीचा फोटो आला: तंतोतंत जुळतंय! मी टाळी वाजवली. लगेच दुसरा फोटो: तंतोतंत. तिसरा. चौथा. फोटो थांबेचनात! माझे हात हवेतच राहिले.

"मॅडम," मी धापा टाकत त्यांच्या खोलीत शिरलो, "कट आहे! सगळी तुकडी सामील आहे!"

मॅडम उठल्या, पुन्हा बसल्या. "सगळे? एका कुत्र्यासाठी?"

"पोरीसुद्धा!"

तुकडी मैदानात उभी केली. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक! फक्त कवायतीच्या उस्तादांची छाती फुगली.

"जुळणारच! यांची चाल एक व्हावी म्हणून तर मी रोज घसा फोडतोय. मला हे लेखी द्या बरं!"

म्हणजे यंत्राला सगळी तुकडी एकसारखीच दिसत होती! पण हार कसली मानतोय! "सगळ्यांनी घरच्यासारखं चाला!" मी ओरडलो. झालं! एकाचा उजवा हात उजव्याच पायाबरोबर पुढे जाऊ लागला. एक पोरगी चालतात कसं तेच विसरून जागीच उभी राहिली. दोघे एकमेकांवर आदळले. इकडे यंत्र म्हणतंय, या माणसांना मी ओळखत नाही!

तेवढ्यात फोन वाजला. रजेवरचा हवालदार.

"साहेब, फाटक उघडायला सांगा ना. कुत्रा—"

"चोरीला गेलाय! मला ठाऊक आहे!"

"अहो, पण तो—"

"पण बिण काही नाही! तपास चालू आहे!" मी फोन आपटला.

मग मॅडमचा फोन वाजला. त्या ऐकत गेल्या आणि ताठ होत गेल्या. "मोठे साहेब," त्या कुजबुजल्या. "फाटकाबाहेर उभे आहेत."

आम्ही धावलो. बाहेर साहेबांची गाडी. गाडीशेजारी हवालदार. हवालदाराशेजारी, जीभ बाहेर काढून, कुत्रा!

"कान खाजवत होता म्हणून रजा मोडून सकाळीच डॉक्टरकडे नेला," हवालदार रडवेला झाला होता. "मघापासून हा आत सोडत नाहीये!"

"हुकूम आहे," फाटकावरचा शिपाई म्हणाला. "कुत्रा सापडेपर्यंत उघडायचं नाही."

"अरे, मग हा समोर कोण बसलाय?" मॅडम किंचाळल्या.

"कुत्रा, मॅडम. पण तो सापडला असं मला कोणी कळवलेलं नाही!"

खरं सांगू? यंत्राचा काही दोष नव्हता. हवालदारही उस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला. पण हे समजावून सांगायला साहेबांनी मला तोंड उघडू दिलं तर ना!

यंत्र सध्या कपाटात आहे आणि मी श्वानपथकात. शिकवायला नाही हो! सरावासाठी रोज कुणीतरी चोर बनून लपावं लागतं. झुडपात, टाकीमागे, गवताच्या गंजीत, सगळं करून पाहिलं. कुत्रा अजून एकदाही चुकलेला नाही!