पूल पाडायचा कुणी?

पूनम सागर सोसायटीतल्या आत्मारामच्या घरी जेवणाच्या टेबलावर सध्या एक पूल उभा होता, त्यामुळे माणसं खाली बसून जेवत होती. पूल म्हणजे बिजागरीवर उभी केलेली फळी. त्याच्या आठवीतल्या मुलीच्या, इशिताच्या रोबोने ती ढकलून आडवी पाडायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. शाळेच्या स्पर्धेत पहिला येणारा रोबो पुण्याला जाणार होता, आणि इशिताला पुण्याला जायचंच होतं.

पहिल्यांदा तिने रोबोचा हात फार खाली लावला. फळी जागची हलेना.

"अजून एक मोटर लाव," आत्माराम म्हणाला.

"नको बाबा. हात उंच लावते. वरच्या टोकाला ढकललं की कमी जोर लागतो."

तसंच झालं. त्या दिवसापासून आत्माराम ऑफिसात 'आमचा रोबो' म्हणू लागला.

स्पर्धेच्या दिवशी बाईंनी पुलाला लाल रिबन बांधली. "उद्घाटन धर्मेशभाईंच्या हस्ते आहे. तोपर्यंत सुरुवात करायची नाही." नगरसेवक धर्मेशभाई काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये होते आणि सकाळपासून पाच मिनिटांत पोचत होते.

तोवर आत्माराम येणाऱ्या प्रत्येक पालकाला रोबोचा हात वर-खाली करून दाखवत राहिला.

"बाबा, बॅटरी उतरेल."

"काही होत नाही गं. लोकांना बघू दे की."

अखेर धर्मेशभाई आले, रिबन कापली गेली. पहिली पाळी इशिताची. रोबो डौलात निघाला, हात वर केला आणि फळीपासून बोटभर अंतरावर कायमचा थांबला. इशिताने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

अडलेलं काम धर्मेशभाईंना बघवत नसे, निदान कॅमेरा समोर असताना तरी. "अटक गया क्या? थांब बेटा." त्यांनी एका बोटाने फळी ढकलली. पूल खाली आला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

त्यानंतर एकाही रोबोला पूल पाडता आला नाही. माणसाचा हात लागला तर रोबो बाद, असा नियम होता. पण इशिताला बाद करायचं म्हणजे चूक पाहुण्यांची म्हणायची. परीक्षकांनी बराच वेळ कुजबुज केली आणि पाहुण्यांचा हात हा हात नसून मार्गदर्शन आहे, असं ठरवून इशिताला पहिलं बक्षीस दिलं.

आत्माराम सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. इशिताने मात्र कपाला हात लावला नाही. तिला रडू येत होतं आणि रागही.

"सर, पुण्याला रोबो एकटा न्यायचा," तिने परीक्षकांना विचारलं, "की धर्मेशभाईंना पण न्यायचं?"

धर्मेशभाईंनी खिशातून मोबाइल काढला.

"तारीख काय आहे?" त्यांनी विचारलं.