सासऱ्यांच्या डिस्कवरचा विक्रम

मी एकदा मनावर घेतलं की मला जगातली कुठलीही डिस्क अडवू शकत नाही! असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा साहेब नुसते हसले. ते हसणं मला लागलं.

आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. तिचा गाभा म्हणजे कर्नेल, आणि त्यातला डिस्कवर लिहिण्याचा भाग माझ्याकडे. एरवी मजकूर आधी मेमरीत मुक्काम करतो, मग फाइलींचा कारभार सांभाळणाऱ्यांना विचारत विचारत डिस्कवर पोचतो. थेट लिहिण्यात ही भानगड नाही. तिथे आधी काय आहे हे कुणी बघत नाही. पाहुणा चपलांसकट एकदम स्वयंपाकघरात! आता हा पाहुणा मला आणखी पळवायचा होता. चिमूट चिमूट टाकण्याऐवजी अख्खं पोतंच ओतायचं, ही माझी युक्ती.

‘‘वेग दुप्पट करतो, साहेब.’’

‘‘करा की. डिस्क शाबूत ठेवा म्हणजे झालं.’’

चाचणी घरीच करायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याला एक कोरी डिस्क जोडलेली. शेजारी हुबेहूब तशीच दुसरी, तीही जोडलेली. ती सासऱ्यांची. ते गुरांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहीत होते. त्यात नातेवाईक कमी आणि गाई जास्त. पुस्तक पुरं झालं होतं आणि ते फक्त त्या डिस्कवर होतं.

‘‘जावईबापू, प्रकाशकाकडे द्यायच्या आधी एक प्रत काढून ठेवा हं!’’

‘‘एवढी चाचणी होऊ दे, बाबा. लगेच काढतो.’’

मी चाचणी सुरू केली. आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठलोच. वेग दुप्पट नव्हे, वीसपट! ताबडतोब साहेबांना फोन केला. साहेबांनी ताबडतोब ग्राहकाला केला. मी बायकोला हाक मारली, कौतुक करायला माणूस हवं म्हणून.

‘‘छान,’’ ती म्हणाली. ‘‘मघाशी टेबल पुसताना त्या दोन्ही डबड्या काढल्या होत्या. परत नीट लावल्यात ना मी?’’

मी झटकन दोन्ही डिस्ककडे पाहिलं. आमचं कर्नेल डिस्कला चेहऱ्यावरून ओळखत नाही. जी आधी जोडली जाईल ती पहिली, नंतरची दुसरी. मी पहिलीवर लिहायला सांगितलं होतं.

‘‘आधी कुठली लावलीस?’’

‘‘बाबांची. मोठ्यांचा मान आधी!’’

मी वायर उपटली. तोवर सासरे दारात उभे.

‘‘काय झालं?’’

‘‘बाबा, तुमचं पुस्तक... बहुतेक पुसलं गेलं.’’

‘‘सगळं? अहो, लिहायला चार वर्षं लागली मला! इतक्यात कसं पुसलं जाईल?’’

‘‘तीच तर सुधारणा आहे!’’ मी बोलून गेलो.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की कोरी डिस्कसुद्धा पुसली गेली असती.

‘‘मी एकेक अक्षर परत आणीन,’’ मी म्हणालो. ‘‘नोकरी गेली तरी चालेल! पण तोवर डिस्कला कुणी हात लावू नका.’’

सासऱ्यांनी आयुष्यभर उधळलेली जनावरं हाताळली होती. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं, डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली, चष्मा चढवला. आम्ही मागून डोकावलो.

‘‘‘प्रकरण पहिलं,’’’ ते वाचू लागले. ‘‘‘मी आणि लंगडी गाय.’ अहो, आहे की! सगळं आहे!’’

बायको रडली. सासरे रडले. मीही डोळे पुसत होतो, आणि पुसता पुसता थबकलो. सगळं आहे? मग मी लिहिलं ते कुठे गेलं?

धावत जाऊन कोड उघडला. माझं पोतं डिस्कच्या दारातून आत जाण्याएवढं लहान नव्हतंच. प्रत्येक खेपेला डिस्क ‘नाही’ म्हणत होती, मी पुढचं पोतं आणत होतो. परत आलेलं उत्तर मी वाचतच नव्हतो. फक्त घड्याळ बघत होतो!

तेवढ्यात साहेबांचा फोन.

‘‘अहो, ग्राहक नाचतोय! विचारतोय, वीसपट वेगाने लिहिता तरी कसं?’’

‘‘साहेब, तो वेग लिहिण्याचा नाही.’’

‘‘मग कशाचा?’’

‘‘नकाराचा.’’

पलीकडे फोन बंद झाल्याचा आवाज. तोही बराच वेगवान होता.

सासऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, डिस्क उचलून माझ्या हातात ठेवली आणि मनापासून म्हणाले, ‘‘जावईबापू, ही आता तुमच्याकडेच राहू द्या. तुमच्या हातून हिला काही होत नाही!’’