नखाएवढं चित्र

सिद्धाराम क्लॉथ स्टोअर्समधला फोन वाजला की तो उचलण्याचा अधिकार साऱ्या नांदूरघाटात एकाच व्यक्तीला होता. दुकान मुलाच्या नावावर होते आणि फोनही मुलाच्याच हाताशी ठेवलेला होता. परंतु महादेवीआक्का आतून बाहेर येईपर्यंत त्यांचा मुलगा वैजिनाथ फोनकडे, विंचवाकडे पाहावे तसा, नुसता पाहत राही. त्या दिवशी आक्का आल्या, त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, पलीकडचे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि माडीच्या दिशेने हाक मारली.

"संग्या, पुण्याची कुणी रुचिका हाय. तुझा अंगठा मागतीय."

वैजिनाथच्या हातातली कात्री थांबली. आक्कांनी पुन्हा फोनमध्ये तोंड घातले. "बाई, आमच्या घरात अंगठा कुणी लावत न्हाई. माझी सासूसुदीक मोडीत सही करायची."

संगमेश्वर धापा टाकीत खाली आला आणि त्याने रिसीव्हर जवळजवळ हिसकावून घेतला. "थंब न्हाई आक्का, थंबनेल. अंगठ्याच्या नखाएवढं चित्र."

देशाची दारे जगासाठी उघडल्याचे वर्तमानपत्रांत दहा वर्षे छापून येत होते. त्या दारांतून नांदूरघाटात आजवर एक थंड पेय, एक शाम्पूची पुडी आणि संगमेश्वरचा संगणक एवढाच ऐवज आत आला होता. औरंगाबादेहून इंजिनिअर होऊन परतलेल्या या नातवाने माडीवर स्वतःला कोंडून घेऊन काय निर्माण केले होते? तर एक खेळ. त्यात ऊसतोडीला गेलेला एक तरुण हातात कोयता घेऊन ऊस सोडून बाकी सगळे तोडत सुटतो. लांडगे तोडतो, तरस तोडतो आणि शेवटी हत्तीएवढ्या रानडुकराशी भिडतो. पुण्याची एक कंपनी असे खेळ इंटरनेटवर विकायला मांडत असे. त्या दुकानात प्रत्येक मालाचे एकच नखाएवढे चित्र टांगलेले असते आणि ते पाहून गिऱ्हाईक थांबले तर थांबले, असे तिथल्या रुचिकाचे म्हणणे होते.

"एकच चेहरा पाहिजे म्हणतीय," संगमेश्वरने फोन ठेवून सांगितले. "एकच हत्यार. बाकी गर्दी नको. बघताक्षणी अंगावर आलं पायजे. दिवाळीच्या आत चांगलं चित्र गेलं न्हाई तर खेळ घेणार न्हाईत."

"दुकानाच्या दारात एकच लुगडं टांगलं तर लोक काय म्हणतील?" आक्कांनी विचारले. "बाकीचा माल संपला म्हणतील. तुझ्या त्या रुचिकानं कधी दुकान चालवलं न्हाई."

मग त्यांनी निकाल दिला. चित्र घराण्याच्या इतमामाला साजेसे होईल आणि ते आक्कांच्या देखरेखीखाली होईल. पुण्याने ते पसंत केले तर संगमेश्वरने खुशाल माडीवर बसून कोल्हे-लांडगे मारावेत. नापसंत केले तर पाडव्याला संगणक विकायचा आणि बापाशेजारी गादीवर बसून पोलक्याचे कापड फाडायचे. या घरात आक्कांनी दिलेला शब्द फिरत नसे; फिरत ते केवळ इतरांचे चेहरे.

कड्याहून आश्रुबा पेंटर बोलावण्यात आला. त्याने आयुष्यभर कारखान्याच्या भिंती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या होत्या. काम ऐकून त्याने आपला उजवा अंगठा बराच वेळ न्याहाळला.

"आक्का, माझा सगळ्यात बारका ब्रश हाय त्यो बी नखापेक्षा जाड हाय."

"मग मोठं काढ. बारीक करायला मशीन हाय की."

दुकानाचा जुना पत्र्याचा बोर्ड परसात उलटा टेकवला गेला आणि त्याच्या पाठीवर नखाएवढे चित्र आकार घेऊ लागले. वर महादेवाची पिंड. मध्यभागी कैलासवासी सिद्धारामअप्पा, कारण थोरल्यांना कोपऱ्यात बसवण्याची या घराची रीत नव्हती. अप्पांचा एकट्याचा फोटो सापडेना. सापडला तो जोडीने काढलेला. त्यात अप्पा अर्धवट डोळे मिटून उभे होते आणि शेजारी कपाळभर विभूती लावलेल्या आक्का फोटोवाल्याला रागे भरत होत्या. आश्रुबाने तो राग फार निष्ठेने उतरवला. खाली दुकानाचे नाव आणि फोन नंबर. उरलेल्या उजव्या बाजूला नायक, ऊस आणि डुक्कर.

"देवाच्या चित्रात डुक्कर?" आक्का म्हणाल्या.

"आक्का, आख्खा खेळच डुकराचा हाय," संगमेश्वर कळवळला.

"तुझ्या खेळात ठेव. माझ्या बोर्डावर नको."

आश्रुबाने सुळे पुसले, वशिंड काढले आणि डुकराचा नंदी केला. त्यामुळे एक नवीच आफत उभी राहिली. नायक आता कोयता उगारून थेट नंदीवर धावून जात होता.

"स्वामी भिक्षेला येतेत आपल्या घरी," वैजिनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांनी पाहिलं तर पुन्हा उंबरा चढायचे न्हाईत."

"मग फिरव त्याला," आक्कांनी फर्मावले.

आश्रुबाने नायकाला फिरवले. तो आता नंदीला पाठ दाखवून आक्कांच्या दिशेने पळू लागला. त्याचा हात त्यांच्या पदराआड गेला आणि कोयत्याचे पाते तेवढे त्यांच्या खांद्यावरून डोकावू लागले. चित्र पुरे झाले. ज्याच्यासाठी ते काढले होते तो खेळ सोडल्यास त्यात सर्व काही होते.

बोर्डाचा फोटो काढून, तो फ्लॉपीत भरून, सारे जण जीपने केजला गेले. तिथे नव्याने निघालेल्या इंटरनेटच्या दुकानात आक्कांसाठी खास खुर्ची रिकामी करण्यात आली. संगमेश्वरने चित्र नखाएवढे केले.

"हे काय हाय?" आक्कांनी चष्मा पुसून विचारले.

"हे आपण सगळे, आक्का. देवासकट."

पडद्यावर आमटी सांडल्यासारखे काही तरी दिसत होते. आश्रुबाने मान खाली घातली. दुकानाचा फोन नंबर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसत होता आणि अप्पा तर हयातीत होते त्याहूनही अस्पष्ट झाले होते.

"थोडंसं कापावं लागंल," संगमेश्वर चाचरत म्हणाला. "कुणाला तरी सोडावं लागंल."

"मी सांगते तसं काप."

प्रथम ऊस गेला. मग दुकानाचे नाव गेले, कारण पुण्याचे लोक लुगडे घ्यायला काही नांदूरघाटला येणार नव्हते. नायकाची पाळी आली तेव्हा संगमेश्वरचा हात थबकला.

"आक्का, हा हिरो हाय."

"पळतोय की त्यो. पळणारा माणूस हवा कशाला?"

नंदी त्याच्या मागोमाग गेला. पिंडीपाशी आक्कांनी हात जोडले आणि देव चराचरात असतोच, तेव्हा चित्रात नसला तरी तो रागावणार नाही, असा निर्णय दिला. शेवटी प्रश्न अप्पांचा उरला. आक्कांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"ह्यांना गर्दी कधी आवडलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "जाऊ दे."

उरले ते चित्र मात्र लख्ख दिसत होते. वटारलेले दोन डोळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खांद्यामागे एक चकचकीत कोर.

"आश्रुबा, चंद्रकोर छान काढलीस," आक्का म्हणाल्या. आश्रुबाने संगमेश्वरकडे पाहिले, संगमेश्वरने छताकडे पाहिले आणि चित्र पुण्याला रवाना झाले.

चार-सहा दिवसांनी फोन वाजला. आक्कांनी उचलला.

"कोण, आजी का? संगमेश्वरला सांगाल, चित्र पास झालं म्हणून. आमच्या ऑफिसात येणारा जाणारा थांबून बघतोय. ती म्हातारी काय भयंकर आहे हो."

"कोण म्हातारी?"

"गेममधली. कोयतेवाली. शेवटी तीच अंगावर येते ना? फक्त ती खरंच गेममध्ये पाहिजे हं, नाहीतर लोक म्हणतील फसवलं. म्हातारी नसेल तर आम्हाला गेम घेता येणार नाही."

आक्कांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. वैजिनाथने घडी घातलेले ठाण उलगडून पुन्हा घडी घालायला घेतले. संगमेश्वर माडीवरून खाली आला आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

"ती कोर कसली हाय रे?"

"कोयता हाय, आक्का."

"तुला ठावं होतं."

"केजातच ठावं होतं."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमी बोलू दिलं असतं तर बोललो असतो की."

हे उत्तर आक्कांनी ऐकले नाही, असे ठरले. "त्या खेळात शेवटी कोण येतंय?"

"आतापर्यंत डुक्कर येत होतं."

"आन आता?"

संगमेश्वरने नुसता त्यांच्याकडे हात केला. आक्का नाही म्हणाल्या असत्या तर खेळ संपला असता. पाडवाही जवळ आला होता आणि गादीवर बापाशेजारची जागा झाडून ठेवलेली होती.

"डुकराच्या जागी बसायचं त्याचं काही न्हाई," आक्का सावकाश म्हणाल्या. "मला एक सांग. ती हरती का?"

"हरावं लागतंय, आक्का. शेवटच्याला हरवल्याबिगर खेळ संपत न्हाई."

"मग संपवायचं कुणी सांगितलंय?"

पाडव्याला गादीवर वैजिनाथ एकटाच बसला. संगमेश्वर माडीवरच राहिला, एवढेच की आता संगणकाशेजारी आक्कांसाठी एक पाट मांडला गेला होता. पडद्यावरच्या म्हातारीचा पदर ढळता कामा नये आणि तिने गुडघे तर मुळीच टेकता कामा नयेत, अशी त्यांची सक्त ताकीद होती. एवंच, नातू दुकानातून सुटला. आक्कांच्या हाताखालून सुटण्याची सोय मात्र उदारीकरणानेही केलेली नव्हती.

महिना लोटल्यावर पुन्हा रुचिकाचा फोन आला. आक्कांनी तो ऐकता ऐकता रिसीव्हरवर हात ठेवला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात मजकूर जाहीर केला.

"खेळ लई चाललाय म्हणतीय. पोरं शेवटापर्यंत येतेत आन तिथंच अडकतेत. सगळे इचारतेत, त्या म्हातारीला हरवायचं कसं."

वैजिनाथ एका गिऱ्हाइकासाठी मांजरपाट मोजत होता. मान वर न करता तो म्हणाला, "कुणाला घावलं, तर आमालाबी कळवा म्हणावं."