पळता पळता पाठांतर

“वेळ मिळत नाही, असं फक्त आळशी माणसं म्हणतात!” बुधवारी पहाटे बुटाच्या नाड्या आवळता आवळता अष्टपैलूंनी जाहीर केलं. समोर बायको होती, पण ती अर्धवट झोपेत असल्यामुळे एवढं चांगलं वाक्य वाया गेलं. मग खाली उतरल्यावर त्यांनी तेच वाक्य दूधवाल्याला ऐकवलं. दूधवाला “बरोबर आहे” म्हणाला आणि निघून गेला, कारण त्याला खरोखरच वेळ नव्हता.

अष्टपैलू हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात तक्रारी नोंदवून घेण्याच्या खिडकीत ते बसत. नवीन कोणी कामावर आलं की हात पुढे करून सांगत, “तसा मी इथे तक्रारी लिहितो, पण मुळात अष्टपैलू!” लोकांनी तेच धरलं. बायकोनं एकदा हे आठ पैलू शोधायला घेतले होते. गिटार कपाटावर धूळ खात होती. पाव भाजण्याचा छंद ओव्हनबरोबर जळून गेला होता. चित्रकला एका सफरचंदापाशी थांबली होती आणि तेही अर्धंच रंगवलेलं होतं. धडधाकट असे दोनच पैलू उरले होते, पळणं आणि नाटक.

आणि या दोघांनी मिळून नेमका एकच रविवार गाठला होता. सकाळी एकवीस किलोमीटरची शर्यत, संध्याकाळी नाटकाचा पहिला प्रयोग!

शर्यत दोन तासांच्या आत संपवायची, हा त्यांचा तीन वर्षांचा पण होता. पण खरा जीव अडकला होता तो नाटकात. हौशी मंडळात अकरा वर्षं त्यांनी स्टेजवर चहाचे ट्रे आणले होते, पत्रं आणून दिली होती, “साहेब, कोणीतरी आलंय” असं म्हटलं होतं. अकरा वर्षांनी पहिल्यांदाच त्यांना मुख्य भूमिका मिळाली होती. निरपराध असून तुरुंगात सडलेला आणि सुटल्यावर छळवादी जेलरचा सूड घ्यायला निघालेला कैदी! सोळा पानांची भूमिका! त्यांनी ती चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाठ मात्र एक ओळ झाली नव्हती.

दिग्दर्शिका होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत आणि घाबरत. मंगळवारी तालमीत त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, “गुरुवारी वही न बघता सगळं आलं पाहिजे. नाही आलं तर भूमिका दुसऱ्याला.”

“बाई, रविवारी शर्यतही आहे हो माझी...”

“मग रविवारी संध्याकाळी आराम करा.”

दुसरा एखादा हबकला असता. अष्टपैलूंनी घरी येऊन जेलरची आणि आपलीही सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात फोनवर भरली. सकाळी पळताना कानात जेलर बोलणार, आपली वाक्यं आली की ती ऐकता ऐकताच ठणकावून म्हणायची. पाय एकीकडे, डोकं एकीकडे. एका दगडात दोन पक्षी! दगड कोणाला लागेल, याचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता.

तो लागला दाताच्या डॉक्टरांना.

हे डॉक्टर या भागात नवीन आले होते. गोल, गोरे, सभ्य आणि भित्रे. वजन कमी करायचं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या पहाटे पळायला निघाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर पन्नास पावलं पळत होते, शंभर पावलं चालत होते आणि स्वतःवर खूश होते. तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब!”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. काळे कपडे घातलेला, घामाघूम, डोळे तारवटलेला एक माणूस त्यांच्याच दिशेनं धावत येत होता.

“ओळखलंस मला? कसं ओळखशील! रोज नवा माणूस त्या खुर्चीत बसवत होतास तू!”

डॉक्टरांची चाल आपोआप वाढली.

“तोंडावर दिवा सोडलास! मी ओरडत राहिलो, पण तुझा हात थांबला नाही!”

आता शंकाच उरली नाही. हा पेशंट होता! डॉक्टर जिवाच्या आकांतानं पळू लागले. कुठली दाढ, कधीची दाढ, काही आठवेना. “अहो, दुसरी बसवून देतो!” ते पळता पळता ओरडले. “फुकट बसवून देतो!”

अष्टपैलूंना यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. त्यांच्या कानात जेलर बोलत होता. त्यांना एवढंच दिसलं, की पुढे एक जाडा गृहस्थ कमालीच्या वेगानं पळतोय. हा जर इतका पळतो, तर आपण का नाही? त्यांनीही वेग वाढवला. मनगटावरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं आणि त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. असा वेग त्यांना जन्मात लागला नव्हता!

“पळ, हवं तेवढं पळ!” ते दुप्पट जोरात गरजले. “तुझं घर मला ठाऊक आहे!”

डॉक्टर बँकेपाशी डावीकडे वळले, अष्टपैलूही वळले. डॉक्टर बागेच्या फाटकातून आत शिरले आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडले, अष्टपैलूही. शेवटी डॉक्टरांना पोलीस चौकीचा निळा दिवा दिसला आणि ते उघड्या दारातून थेट आत जाऊन टेबलाखाली शिरले. अष्टपैलूंचं सगळं लक्ष होतं घड्याळाकडे आणि पुढच्या पाठीकडे. तेही त्याच दारातून आत आले आणि टेबलासमोर उभे राहून, दोन्ही हात उंचावून सोळाव्या पानावरचं शेवटचं वाक्य म्हणाले, “आज तुला माझ्या हातून कोणीही वाचवू शकत नाही!”

टेबलाच्या पलीकडे फौजदार चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

“आम्ही प्रयत्न करून बघतो,” ते म्हणाले.

दोन मिनिटांत अष्टपैलू बाकावर होते, कानातला जेलर हवालदाराच्या खिशात होता आणि डॉक्टर टेबलाखालून “हाच तो! हाच तो!” म्हणत होते. अष्टपैलूंना इतकी धाप लागली होती, की एका वेळी चार शब्दांच्या वर काही निघत नव्हतं.

“काय चाललं होतं?” फौजदारांनी विचारलं.

“तालीम.”

“कसली?”

“खुनाची.”

हवालदारानं लिहून घेतलं.

“म्हणजे खून अजून व्हायचाय. कधी आहे?”

“रविवारी. सात वाजता. पहिलाच प्रयोग.”

“पहिलाच? पुढे आणखी करणार?”

“पन्नास तरी... व्हावेत... अशी इच्छा आहे.”

टेबलाखाली डॉक्टरांनी हुंदका दिला.

“किती जण आहात तुम्ही?”

“सात. त्यात दोन बायका.”

“आणि या सगळ्याचा सूत्रधार कोण?” फौजदार पुढे वाकले.

“औषधांच्या दुकानाचे मालक,” अष्टपैलू कौतुकानं म्हणाले. “आवाज छान आहे त्यांचा. आधी येऊन ते सगळं समजावून सांगतात. पुढचं मग आम्ही करतो.”

हवालदारानं वहीचं नवं पान उघडलं. फौजदारांनी औषधांच्या दुकानाकडे दोन माणसं पाठवायला सांगितली.

“हे लोकांसमोर करायला लाज नाही वाटत?”

“सुरुवातीला वाटायची. पण तिकीट काढून येतात हो लोक!”

“तिकीट काढून खून बघायला येतात?” फौजदारांनी टेबलावर मूठ आपटली. “नाटक करू नका!”

“अहो, तेच तर करतोय!” अष्टपैलू कळवळून ओरडले.

आता कुठे प्रकाश पडला. पण फौजदार मुरलेले होते. “नाटक आहे ना? मग उभे राहा आणि म्हणून दाखवा. पहिल्यापासून.”

अष्टपैलू उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, हात पुढे केला आणि तोंड उघडलं. आतून काहीही बाहेर आलं नाही! एक ओळ नाही, एक शब्द नाही. रस्ताभर धबधब्यासारखं कोसळणारं सगळं गडप झालं होतं.

“मघाशी येत होतं हो! शप्पथ!”

“हवालदार, यांच्या घरी फोन लावा.”

बायको आली ती घरातल्याच चपलांवर आली. “यांना ओळखता?” असं विचारल्यावर तिनं नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. “ओळखते. पण सकाळी कुठे जातात ते मला विचारू नका. तालमीला जातो म्हणतात. पळायच्या की नाटकाच्या, ते विचारणं मी कधीच सोडलंय.”

तिनं कळवल्यामुळे तिच्यापाठोपाठ नाटकाची वही काखेत मारून बाईही आल्या. फौजदार त्यांना पाहून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. “पळताना पाठ केलंय ना? मग पळतानाच येणार. पळवा त्यांना.”

आणि खरंच! चौकीच्या मागच्या अंगणात अष्टपैलू धावायला लागले आणि वाक्यं झरझर बाहेर पडू लागली! फौजदार वही उघडून ताडून बघत होते. पहिलं पान बरोबर, दुसरं बरोबर! पण अष्टपैलू पलीकडच्या भिंतीशी गेले की आवाज पोचेना, म्हणून तेवढी वाक्यं फौजदार स्वतःच वाचायला लागले. “ओळखलंस मला?” ते अगदी हळू, दात न उघडता म्हणाले. बाहेर येऊन नुकतेच खुर्चीवर टेकलेले डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले.

बाईंनी ते पाहिलं.

“तुम्ही संध्याकाळी काय करता?” त्यांनी फौजदारांना विचारलं.

“बाई!” अष्टपैलू थांबले. “मला सगळं येतंय, बाई! शब्दन् शब्द!”

“येतंय. पण हा कैदी सोळा पानं दाराला टेकून उभा आहे. तो स्टेजभर धावत सुटला तर जेलर बोलणार कोणाशी?”

अष्टपैलूंना तिथेच रडू फुटलं. अकरा वर्षं वाट पाहिली होती त्यांनी. बाई कडक असल्या तरी दगड नव्हत्या. “एक भूमिका आहे तुमच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या अंकात एक कैदी तुरुंगातून पळून जातो. पळायचंच आहे.”

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन तास नऊ मिनिटं. पुढे पळणाऱ्यांपैकी एकालाही त्यांची भीती वाटली नाही, यातच सगळं आलं.

संध्याकाळी मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. विंगेतून निघून वेग पकडायला जागा पुरेना, म्हणून ते पार मेकअपच्या खोलीपासून सुटले, मधली खुर्ची चुकवली आणि डाव्या विंगेतून उजव्या विंगेत बाणासारखे पार झाले. आपण आज जिंकलो, असं त्यांना मनापासून वाटलं. मध्यंतर झाल्या झाल्या, रंग न पुसताच, ते दुसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोकडे धावले.

“कसं झालं?”

“अहो, फौजदार काय काम करतात! मला इथे बसून घाम फुटला!”

“ते राहू दे. माझं कसं झालं?”

बायकोनं हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“झालं पण? अहो, मी जरा काच पुसत होते.” मग ती कळवळ्यानं म्हणाली, “तुम्हाला तरी एवढं जीव तोडून पळायची काय गरज होती? जरा हळू पळायचं ना!”