मास्तरांची गुराब

तेरवीच्या सकाळी घरात सगळं होतं, फक्त पूजेची सुपारी नव्हती. आणि ती नव्हती म्हणून सदाशिवराव मास्तरांचं आरमार बुडालं.

हिंगणघाटच्या त्या घरात पुढच्या खोलीतल्या टेबलावर एक पट मांडलेला होता. मराठी आरमार विरुद्ध इंग्रज. मास्तर भूगोलाचे, समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीच्या वेळी. पण पटावरची कोकणपट्टी त्यांना तोंडपाठ होती. खेळातली लाकडी जहाजं आवराआवरीत हरवली, तेव्हा लवंगांची गलबतं झाली आणि सगळ्यात मोठं जहाज, म्हणजे आरमारप्रमुखाची गुराब, म्हणून एक अख्खी सुपारी आली. ती ओळखू यावी म्हणून तेव्हा शाळेत असलेल्या त्यांच्या लेकीनं, सुरभीनं, तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. इंग्रजांकडून मास्तरांचे मित्र भैय्याजी खेळत. त्यांचा कापसाचा व्यापार, म्हणून त्यांचा ताफा सरकीचा.

शेवटचा डाव अर्धा राहिला होता. गुराब खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात दबा धरून, आणि बाहेर सरकीचा वेढा. दवाखान्यात मास्तर लेकीला म्हणाले होते, "गुराब बाहेर काढू नको. वारा फिरू दे. मंग गलबतांनी ओढत नेजो, अन् भैय्याले मागून गाठजो."

नर्सनं ती बडबड म्हणून डॉक्टरांना कळवली. सुरभीला मात्र चाल कळली होती. तेरवीचं जेवण झालं की भैय्याजींसमोर बाबांच्या वतीनं वाऱ्याचा फासा टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं. गुराब गेली की युद्ध हरलं, असा खेळाचा नियम होता. बाबांनी आता आणखी काही हरावं, हे तिला नको होतं.

म्हणून पटावर तिनं चादर घालून ठेवली होती. सकाळी ती चादर बाजूला पडलेली दिसली.

"काकू, इथली सुपारी कुठी गेली?"

सुलोचनाकाकूंच्या हातात पुऱ्यांची परात होती. "कुंकू लावलेली? महाराज ओरडून राह्यले होते ना, सुपारी आणा, सुपारी आणा. मले वाटलं, गणपतीसाठीच काढून ठेवली कोणी. देली नेऊन."

"ते कुंकू नाई काकू, नेलपॉलिश आहे!"

"अवो माय! अन् मी पाया पडली ना तिच्या!"

सुरभी आतल्या खोलीत गेली. पूजा उरकून महाराज उपरणं झटकत होते.

"महाराज, ती सुपारी मले परत पाहिजे."

"आवाहन झालं का तो देव असते, बाई. देवाले परत मागते का कोणी?"

"मग त्याची परत सुपारी कधी होते?"

"विसर्जनाच्या अक्षता पडल्या का."

"त्या पडल्या?"

"पडल्या ना."

"मग द्या."

"ते तर योगेंद्र घेऊन गेला निर्माल्यासंगं. वणा नदीवर."

सुरभीनं चुलतभावाला फोन लावला. तो हायवेच्या पुलावर पोचला होता आणि मागून ट्रक धडधडत होते.

"योगेंद्र, पिशवी टाकू नको! तिच्यात गुराब आहे!"

"गुलाब? हो ना ताई, गुलाब, झेंडू, सगळंच हाय."

"गुलाब नाई रे, गुराब! बाबांचं जहाज!"

एक लांबलचक ट्रक गेला.

"जहाज?" योगेंद्रचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, तू सकाळपासून खाल्लं का काही? रडू नको. एवढं टाकतो अन् आलोच." थोडं थांबून तो म्हणाला, "टाकलं. तुह्याकडूनबी हात जोडले."

दुकानातून आणलेली सुपाऱ्यांची पुडी तोवर घरात आली होती. सुरभीनं त्यातली एक काढून खाडीच्या तोंडाशी ठेवलीसुद्धा. मग उचलली. बाबा डावात लबाडी करत नसत. म्हणून तर बहुतेक वेळा हरत.

दुपारी भैय्याजी जेवले, म्हणजे पानावर बसले आणि उठले. मग सवयीनं टेबलाशी आपल्या खुर्चीत येऊन बसले. रिकाम्या खाडीकडे त्यांची नजर गेली.

"मास्तरची गुराब कुठी हाय व?"

"चुकून गणपती झाली. अन् मग वणेत विसर्जन." सुरभीनं सरळ सांगून टाकलं. "तुम्ही जिंकले, काका."

भैय्याजींनी चष्मा काढून तो धोतरानं पुसला आणि न घालताच हातात धरून ठेवला.

"भूगोलाच्या मास्तरची पोरगी ना तू? सांग मंग. वणा कुठी जाते?"

"वर्धेला मिळते." शाळेतल्यासारखं उत्तर आलं.

"अन् वर्धा?"

"तिची पुढं प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला. अन् गोदावरी बंगालच्या उपसागराला."

"मंग बुडाली कुठी ते? निसटली!" भैय्याजी पटावर वाकले. "मी इकडं खाडीच्या तोंडाशी पहारा देऊन राह्यलो, अन् हा माणूस मागच्या दारानं दुसऱ्याच समुद्रात गेला. आता लंकेले वळसा घालून माह्या पाठीमागून येईन. लय बदमाश होता तुहा बाप."

सुरभी हसली. त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच. आणि मग तिला पदर तोंडाला लावावा लागला.

काकूंनी सुपारीची ताटली पुढे केली. जेवणावर सुपारी खाल्ली नाही असा दिवस भैय्याजींना आठवत नसे. त्यांनी ताटलीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"नको वहिनी. आज राहू द्या."

मग त्यांनी चष्मा घातला, वेढ्यातली एक सरकी उचलली आणि पटाच्या दक्षिण टोकाला नेऊन पहाऱ्यावर ठेवली.

"झाली माही चाल," ते म्हणाले. "आता मास्तरची."