मियेनच्या दुकानाची भवानी

ह्वे शहरात माझ्यासारखा हातगुण दुसऱ्या कुणाचा नाही. हे मीच सांगते, कारण आमच्या ह्यांच्या तोंडून ते कधी निघायचं नाही. गेली पंचेचाळीस वर्षं मी सकाळी ज्या दुकानाची भवानी करते, ते दुपारच्या आत रिकामं होतं. बाजारातली अंडीवाली माझ्या भवानीवर दुमजली घर बांधून बसली आहे. उलट एखादा करंटा सकाळी सकाळी नुसता भाव विचारून गेला, तर अपशकुन जाळायला बायका कागद पेटवून टोपल्यांभोवती ओवाळतात. तरी त्यांचा दिवस जायचा तो जातोच.

म्हणून माझी भाची मियेन घरी आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिचं मागचं दुकान तीन महिन्यांत बसलं होतं.

"सासूबाई रोज ऐकवतात, मावशी. म्हणतात, हेही बसलं की मुकाट्याने घरी उदबत्त्या वळायच्या. उद्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या भाताचं दुकान उघडतेय. तुम्ही येईपर्यंत पातेल्याचं झाकण काढणार नाही. फक्त वाडग्यात काही टाकायचं नाही हं, पहिल्या गिऱ्हाइकाने अन्न टाकलं की दुकान बसतं."

"टाकणं माझ्या रक्तात नाही," मी म्हणाले. आणि रात्री जेवलेच नाही.

सकाळी सहाला स्कूटरवर ह्यांच्या मागे बसले. हे स्कूटर अशी चालवतात की सायकलवर बदकांच्या टोपल्या नेणारे लोक आम्हाला मागे टाकतात, आणि जाता जाता बदकंही आमच्याकडे बघतात. त्या चालीनेच घात केला. पुलाच्या अलीकडे लूबाईने सरळ हँडलच धरलं. वाट्यांत वाफवलेले तांदळाचे पातळ घावन, वर सोड्यांचा चुरा, हे ती विकते.

"ताई, अजून भवानी नाही. काल एकाने भाव विचारला आणि गेला. मी कागद जाळला, पण दिवसभर फक्त माश्या आल्या."

"लूबाई, आज भाचीकडे जायचंय."

"म्हणजे तोंड फिरवून जाणार? भवानीच्या वेळेला?"

स्कूटरवरून उतरले. लूबाईकडे दहा वाट्यांहून कमी देतच नाहीत. दहा खाल्ल्या.

हे सगळं समोरच्या खेकड्याच्या शेवयावालीने पाहिलं होतं. ती रस्त्यात येऊन उभी राहिली. "तिच्याकडे थांबलात आणि माझ्यावरून नुसत्याच जाणार? मी काय तुमचं घोडं मारलंय?"

"अहो, तुम्ही खा ना," मी ह्यांना म्हणाले.

"लोकांना तू हवी आहेस. मी नुसता ड्रायव्हर," हे म्हणाले आणि निवांत आरशात बघत मिशी नीट करू लागले.

कमळबियांची खीर विकणाऱ्या म्हातारीने तर विचारलंच नाही. चालत्या स्कूटरबरोबर चालत चालत तिने मला भरवलं. त्यानंतर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लागेना. पोटाचा आणि हनुवटीचा काय संबंध, ते मला विचारू नका.

मियेनच्या दुकानासमोर सगळी गल्ली जमली होती. तिच्या सासूबाई बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात जुनं वर्तमानपत्र. तयारीत. मियेनने झाकण काढलं आणि शिगोशीग भरलेला वाडगा माझ्यापुढे ठेवला. मावशी म्हणून मिरची दुप्पट.

पहिले चार घास गेले. पाचवा घशाशी येऊन थांबला, कारण खाली जागा नव्हती. मिरची मात्र थांबेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सगळी गल्ली माझ्याकडे टक लावून बघू लागली.

"पहिलं गिऱ्हाईक रडतंय," कुणीतरी कुजबुजलं.

मियेनचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, नासलंय का काही?"

बोलू कशी? गिळलं तर मी फुटणार, थुंकलं तर ती जन्मभर उदबत्त्या वळणार. तिकडे सासूबाईंनी काडी ओढली.

तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, शांत. "तिला आई आठवली. अगदी आईच्या हातची चव आहे."

माझ्या आईने उभ्या आयुष्यात तिसऱ्यांना हात लावला नाही. तिला त्यांचा वाससुद्धा सहन होत नसे. पण मी मान हलवली, आणि त्या हलण्याने पाचवा घास खाली गेला.

एका म्हाताऱ्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं. "मला पण एक वाडगा दे, पोरी."

"आधी मला वाढ," सासूबाई म्हणाल्या. काडी त्यांच्या बोटापर्यंत जळत आली होती. ती त्यांनी फुंकली आणि डोळे पुसले.

मग झुंबड उडाली. त्या गोंगाटात मी शेवटचं शीतदेखील संपवलं. नऊ वाजता पातेलं रिकामं, आणि सासूबाई सुनेच्या हाताखाली कांदे चिरत बसलेल्या. मियेनचं दुकान आज दोन वर्षं झाली तरी जोरात आहे.

माझी मात्र पंचाईत झाली. आता शहरात बोलवा असा की माझ्या नुसत्या खाण्याने भागत नाही, मी रडले तरच भवानी लागू पडते. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पपनसांची जोडी घेऊन घरी आले. शवपेट्यांचं नवं दुकान काढतायत.

"आजी, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच," ते म्हणाले. "आणि जरा रडाल तर बरं."

मी म्हटलं, रडायला मी येते. गिऱ्हाईक म्हणून ह्यांना पाठवते.